बर्फाच्या घरातली मायबोली

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी टोरांटोला लेकाकडे होते. बाहेर उणे अठरा, आत मी दोन शाली पांघरून दूरचित्रवाणीसमोर. पडद्यावर बर्फाच्या घरात दाटीवाटीनं बसलेली माणसं सावकाश काहीतरी बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं सरकत होती. सहा वर्षांची नात मांडीवर होती. ही कोणती भाषा, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सांगितलं की ठाऊक नाही, शोधू या. आमचं बोलणं हे असंच चालतं. माझं सगळं तिला समजतं, अगदी ओरडलेलंसुद्धा. पण तिच्या तोंडून येते ती इंग्रजीच.

तो चित्रपट २००६ सालचा होता, ‘द जर्नल्स ऑफ क्नुड रासमुसेन’. कॅनडाच्या अगदी उत्तरेला इग्लूलिक नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या झकारियास कुनुक या दिग्दर्शकानं नॉर्मन कोन या सहकाऱ्याबरोबर तो काढला. पडद्यावरची भाषा होती इनुक्टिटुट. चित्रपटाला नाव ज्याचं दिलं, तो हा रासमुसेन कोण, हे शोधायला मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले आणि मग सुट्टीभर त्याच्याच मागे लागले.

शाळेच्या भूगोलात आपण त्या लोकांना ‘एस्किमो’ म्हणून ओळखलं. कातड्याचे कपडे, कुत्र्यांची गाडी, बर्फाचं घर; तीन मार्कांचं उत्तर. ते नाव बाहेरच्यांनी दिलेलं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते रुचत नाही. ग्रीनलंडपासून अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत पसरलेले हे लोक स्वतःला इनुइट म्हणतात. इनुइट म्हणजे माणसं, आणि एकटा माणूस तो इनुक. हजारो मैलांच्या या पट्ट्यात त्यांच्या बोली एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. ग्रीनलंडमध्ये घराला ‘इल्लु’ म्हणतात, तर कॅनडात ‘इग्लू’. आपल्याकडे मालवणपासून गोंदियापर्यंत मराठीचा सूर बदलत जातो, तसंच काहीसं. फक्त अंतर कित्येक पट मोठं. हे सगळं एकाच माणसानं, एकाच प्रवासात, स्वतःच्या कानांनी ऐकत जावं असं घडलं ते रासमुसेनमुळे.

क्नुड रासमुसेनचा जन्म ७ जून १८७९ चा, ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या याकोब्सहाव्न गावातला. आज त्या गावाचं नाव इलुलिसात, म्हणजे हिमनग. दारासमोर खरोखरच हिमनग तरंगतात. ग्रीनलंड तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. वडील क्रिस्टियन रासमुसेन डॅनिश धर्मोपदेशक. पण ते नुसते प्रवचनापुरती भाषा शिकून थांबले नाहीत. १८८८ मध्ये त्यांनी ग्रीनलंडच्या भाषेचं व्याकरण प्रसिद्ध केलं. आई लोविसे ग्रीनलंडमध्येच वाढलेली, तिच्या अंगात इनुइट रक्त होतं. म्हणजे घरात एकीकडे व्याकरणाचं पुस्तक आणि दुसरीकडे बोलतं माजघर. मुलगा अर्थातच माजघरात रमला. आसपासच्या पोरांबरोबर खेळत तो ‘कलाल्लिसुत’ बोलू लागला, आठव्या-नवव्या वर्षी कुत्र्यांची गाडी हाकू लागला. संध्याकाळी म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकायच्या. त्यातल्या एकीनं सांगितलं होतं की फार फार उत्तरेला, जगाच्या टोकाला, अस्वलाच्या कातड्याचे कपडे घालणारी आणि कच्चं मांस खाणारी माणसं राहतात. ती गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. मोठेपणी आपण तिथं जायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

इथं थोडं थांबून त्या भाषेच्या भाग्याविषयी सांगायला हवं. हान्स एगेडे हा धर्मोपदेशक १७२१ मध्ये ग्रीनलंडला आला, आणि तेव्हापासून तिथं येणाऱ्या मिशनऱ्यांना लोकांची भाषा शिकावी लागली. ग्रीनलंडमध्येच जन्मलेल्या सॅम्युएल क्लाइनश्मिट यानं १८५१ मध्ये असं व्याकरण लिहिलं की त्यानं बसवलेलं शुद्धलेखन १९७३ पर्यंत चाललं. १८६१ मध्ये ग्रीनलंडच्या भाषेत वर्तमानपत्रही निघालं. आपल्याला यात एक ओळखीचा धागा सापडेल. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, आणि ते श्रीरामपूर त्या काळी डेन्मार्कच्याच ताब्यात होतं. एकाच झेंड्याखाली जगाच्या दोन टोकांना परक्यांनी लोकांच्या भाषांची व्याकरणं लिहिली. हेतू धर्मप्रसाराचा असेल, पण भाषा कागदावर आली, एवढं खरं.

क्नुड बारा वर्षांचा झाला आणि कुटुंब डेन्मार्कला गेलं. तिथल्या शाळेत त्याचा जीव रमेना. पुढे नट व्हायचा प्रयत्न केला, ऑपेरात गायचा प्रयत्न केला, दोन्ही फसले. आपल्याकडे अशा मुलाला वाया गेला म्हणतात. त्याच्याजवळ भांडवल एकच होतं, पण ते डेन्मार्कमधल्या फार थोड्या लोकांजवळ होतं: ग्रीनलंडची भाषा त्याला घरची होती. बाराव्या वर्षी बोट सोडली तेव्हा ती त्याच्या जिभेत इतकी मुरली होती की पुढं कोपनहेगनही ती पुसू शकलं नाही.

१९०२ मध्ये लेखक म्युलिअस-एरिक्सन याच्या पुढाकारानं ग्रीनलंडला एक मोहीम निघाली. तिचं नाव मोठं गमतीदार: ‘साहित्यिक मोहीम’. ध्रुव जिंकायचा नव्हता, लोकांच्या कथा आणि जगणं समजून घ्यायचं होतं. बरोबर चित्रकार हाराल्ड मोल्टके होता, ग्रीनलंडचाच यॉर्गन ब्रनलुंड होता, आणि तेवीस वर्षांचा क्नुड होता. मेलव्हिल उपसागराच्या बर्फावरून प्रवास करताना मोल्टके भयंकर आजारी पडला. कसेबसे ते केप यॉर्कच्या लोकांपर्यंत पोहोचले. हीच ती लहानपणीच्या गोष्टीतली माणसं. जेमतेम दोनशेच्या आसपास. बोली थोडी वेगळी होती; ग्रीनलंडच्या दक्षिणेतल्या ‘स’चा इथं ‘ह’ होई. पण थोड्याच दिवसांत कान बसला, आणि पाहुणा घरचा झाला. १९०५ मध्ये त्या अनुभवांवर त्याचं पहिलं पुस्तक आलं.

या लोकांकडे आधी अमेरिकेचा रॉबर्ट पिअरी वर्षानुवर्षं येत असे. बंदुका, सुऱ्या, सुया त्याच्याकडून मिळत. १९०९ नंतर त्याचं येणं थांबलं आणि लोकांची अडचण झाली. तेव्हा १९१० मध्ये रासमुसेन आणि पीटर फ्रॉइखेन या दोघांनी तिथं एक व्यापारी ठाणं उघडलं आणि त्याला ‘थुले’ नाव दिलं. प्राचीन ग्रीक-रोमन लेखक जगाच्या उत्तर टोकाला याच नावानं ओळखत. कोल्ह्याची कातडी घ्यायची, बंदुका आणि घरगुती सामान द्यायचं. नफ्यातून मोहिमांचा खर्च निघायचा. १९१२ पासून एकामागून एक सात ‘थुले मोहिमा’ निघाल्या. सगळ्या सुखरूप झाल्या नाहीत. १९१६ ते १९१८ च्या दुसऱ्या मोहिमेत तोरील्ड वुल्फ आणि हेन्ड्रिक ओल्सन हे दोघे जिवानिशी गेले.

सर्वांत मोठी ती पाचवी मोहीम, १९२१ ते १९२४. सगळे इनुइट मुळात एकच लोक आहेत का, त्यांची भाषा आणि कथा एकाच मुळातून फुटल्या आहेत का, हा प्रश्न घेऊन तो निघाला. बरोबर पुरातत्त्वाचा थेर्केल माथिआसेन, मानववंशशास्त्राचा काय बिर्केट-स्मिथ, मित्र फ्रॉइखेन आणि ग्रीनलंडची काही मंडळी. ग्रीनलंडचा किनारा सोडण्याआधीच आजारानं दोघांना ओढून नेलं: फ्रॉइखेनची पत्नी नावाराना आणि आर्नारुलुन्ग्वाक या तरुण स्त्रीचा नवरा. आर्नारुलुन्ग्वाकनं दुःख गिळलं, पण ती मागे फिरली नाही.

हडसन उपसागराच्या उत्तरेला तळ पडला. १९२२ च्या जानेवारीत रासमुसेनला इग्लूलिक भागातला ‘अंगाकोक’ म्हणजे मांत्रिक-वैद्य आउआ भेटला. इतर संशोधकांना दुभाषा लागे. दुभाषा आला की माणूस मोजकं बोलतो, तोलून बोलतो. इथं परकाच आपल्या बोलीत विचारतो, चुकलं तर हसतो, जेवणाला नाही म्हणत नाही. आउआची बायको ओरुलो हिनं त्याला आपली सगळी जन्मकहाणी सांगितली. आउआला मात्र त्यानं एकदा फार खोदून विचारलं की हे विधिनिषेध तुम्ही पाळता ते का. आउआनं उत्तर दिलं नाही. तो त्याला बाहेर घेऊन गेला, झोंबणारं वादळ दाखवलं. रिकाम्या हातानं परतलेला शिकारी दाखवला, गारठलेली मुलं दाखवली, आपली आजारी बहीण दाखवली, आणि उलट विचारलं की हे असं का, ते तू सांग. आम्ही श्रद्धा बाळगत नाही, आम्ही भितो, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. हा संवाद दुभाष्याकरवी झाला असता, तर त्यातलं किती हाती लागलं असतं?

१९२३ च्या मार्चमध्ये मुख्य प्रवास सुरू झाला. इतर शास्त्रज्ञ आपापल्या कामाला गेले. रासमुसेन आणि ग्रीनलंडचे दोघे, कावीगार्सुआक ऊर्फ मितेक आणि आर्नारुलुन्ग्वाक, असे तिघेच कुत्र्यांच्या गाड्यांवरून पश्चिमेला निघाले. मितेक शिकारी आणि गाडीवान. आर्नारुलुन्ग्वाक कातडी शिवायची, बूट सुकवायची, दिवा सांभाळायची. त्या थंडीत बुटाचा एक टाका उसवला तरी पाय जातो, तेव्हा तिच्या सुईवर तिघांचे जीव टांगलेले होते. याच मुलखात पूर्वी इंग्लंडच्या सर जॉन फ्रँकलिनची तुकडी १८४५ मध्ये निघाली होती. जहाजं अडकली आणि १२९ माणसं संपली. हे तिघं मात्र लोकांच्या घरी राहत, त्यांच्यासारखी शिकार करत आणि त्यांच्याशी बोलत पार झाले.

नेत्सिलिक लोकांत त्याला ओर्पिंगालिक भेटला. हा शिकारी होता, मांत्रिक होता आणि कवीही. आपली गाणी हा आपला श्वास आहे, असं तो मानायचा. रासमुसेन वहीत गाणं उतरवून घ्यायचा. हाच त्याचा मोठा गुण मला वाटतो. मोहिमेच्या अहवालांचे दहा खंड निघाले, आणि त्यात त्यानं कथा-गाणी नुसत्या भाषांतरात ठेवली नाहीत. मूळ इनुइट शब्दही छापले.

१९२४ च्या ऑगस्टअखेर ते अलास्कातल्या नोमला पोहोचले. पुढं बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून रासमुसेन सैबेरियाच्या टोकावरही उतरला, पण परवाना नव्हता. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवलं. तरी प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ग्रीनलंडच्या माजघरात शिकलेल्या बोलीवर तो अलास्कापर्यंत लोकांशी बोलत गेला होता. एकाच भाषेचा तो लांबलचक पट्टा होता, आणि तो त्यानं पायाखाली घातला होता.

मला त्याचा देव करायचा नाही. त्यानं हजारो वस्तू लोकांकडून घेतल्या आणि त्या कोपनहेगनच्या संग्रहालयात गेल्या. लोकांनी गळ्यात घातलेले ताईतही सुया-सुऱ्यांच्या बदल्यात गेले. दूरच्या बोली लिहून घेताना त्याच्या ग्रीनलंडच्या कानाची छाप शब्दांवर पडली, असं पुढच्या अभ्यासकांना दिसलं. तो त्यांच्यातला होता, आणि राज्यकर्त्यांच्यातलाही. हे दोन्ही त्याच्यात होतं.

अखेरची मोहीम पूर्व ग्रीनलंडला. तिथं एका चित्रपटाचं काम चाललं होतं. त्यातली माणसं तिथलीच आणि बोलणंही तिथलंच. त्या मुक्कामात कातड्याच्या पिशवीत मुरवलेल्या पक्ष्यांचं मांस खाण्यात आलं, ते बाधलं. त्यावर न्यूमोनिया झाला. २१ डिसेंबर १९३३ रोजी डेन्मार्कमध्ये त्याचं निधन झालं. वय अवघं चोपन्न. चित्रपट पुढल्या वर्षी लोकांसमोर आला.

त्याच्यानंतर जे घडलं ते वाचताना मात्र माझा घास घशात अडकला. १९५१ मध्ये डेन्मार्कनं ग्रीनलंडमधली २२ लहान मुलं प्रयोग म्हणून डेन्मार्कला नेली. त्यांना डॅनिश शिकवून ‘आधुनिक’ ग्रीनलंडचे नमुने करायचे होते. दीड वर्षात मुलं आपली भाषा विसरली. परत आणलं तेव्हा बहुतेकांना घरी न पाठवता नुकच्या बालगृहात ठेवलं. आया भेटायला आल्या तर त्यांचं बोलणं मुलांना कळेना. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी याबद्दल माफी मागितली ती २०२० मध्ये. क्नुड बाराव्या वर्षी त्याच समुद्रावरून त्याच देशात गेला होता. तो आईवडिलांबरोबर गेला, आणि भाषा पक्की होऊन गेला. ही मुलं सहा-सात वर्षांची होती, एकेकटी होती. मधे केवढं अंतर!

कॅनडातही निराळं नव्हतं. मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवलं गेलं, मातृभाषा बोलली तर शिक्षा. इनुइट नावं अधिकाऱ्यांच्या जिभेला वळेनात म्हणून १९४० च्या दशकापासून माणसांना क्रमांक कोरलेले बिल्ले दिले गेले. ते पुढं १९७० च्या दशकापर्यंत चालले.

या पडझडीतून लोक उभे राहिले ते आपल्या बळावर. ग्रीनलंडला १९७९ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळालं, आणि २१ जून २००९ पासून कलाल्लिसुत ही तिथली एकमेव राजभाषा झाली. तेव्हा जेमतेम ५६ हजार लोकसंख्येचा देश, पण संसद, बातम्या, पाठ्यपुस्तकं त्या भाषेत. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. नुनावुत म्हणजे आपली भूमी. तिथं २००८ मध्ये भाषारक्षणाचा कायदा झाला. शाळेत सगळ्या वर्गांना इनुइट भाषेतून शिकवायचं वचन दिलं गेलं. पण शिक्षकच पुरेसे नाहीत, म्हणून २०२० मध्ये ती मुदत २०३९ पर्यंत लांबवली गेली. कायदा करता येतो, शिक्षक रातोरात तयार होत नाहीत. आणखी एक अडचण लिपीची. कॅनडाच्या एका भागात खुणांसारखी अक्षरं, दुसऱ्या भागात रोमन, आणि रोमनच्याही निरनिराळ्या पद्धती. बोललेलं एकमेकांना कळायचं, लिहिलेलं कळत नसे. २०१९ मध्ये कॅनडाच्या इनुइट संघटनेनं सगळ्यांसाठी एक रोमन लेखनपद्धती मान्य केली. रासमुसेनला ही अडचण आली नाही, कारण तो कानानं प्रवास करत होता.

आणि मग तो चित्रपट. रासमुसेननं आउआ आणि ओरुलोकडून ऐकलेलं वहीत लिहिलं, वही डेन्मार्कला गेली, ग्रंथ झाला, ग्रंथ इग्लूलिकला परतला. आउआच्या मुलखातल्या माणसांनी ते वाचलं आणि पुन्हा आपल्या तोंडानं, आपल्या भाषेत, कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं. ऐंशी वर्षं कागदावर झोपलेले शब्द पुन्हा माणसांच्या जिभेवर आले. वहीनं शब्द जपून ठेवले, हे खरंच. पण ते उचलायला इग्लूलिकमध्ये ती भाषा बोलणारी आई, आजी, नातवंडं शिल्लक होती, म्हणून वहीचा उपयोग झाला. नाहीतर ती संग्रहालयातल्या ताइतांच्या शेजारी पडून राहिली असती.

सुट्टी संपायच्या आठवड्यात उन्हं पडली. लेकाच्या घराच्या पाखाडीला बर्फाचे लांब काचेरी दांडे लोंबत होते. नातीनं मला त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मराठीत काय म्हणतात ते विचारलं. मराठीत याला शब्द कुठून असणार? मी तिला आमच्या कोकणातल्या कौलारू घराविषयी सांगितलं. पावसाळ्यात कौलांवरून अंगणात पाण्याच्या धारा लागतात, आम्ही पोरं त्याखाली हात धरून उभी राहायचो, त्या धारांना पागोळ्या म्हणतात. तिनं तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून पाहिला.

परवा फोनवर तिनं खिडकीतून दिसतं ते मला सांगितलं. सगळं इंग्रजीतच. मधेच म्हणाली की आमच्याकडच्या पागोळ्या आजी गोठल्या आहेत, आणि एवढं मात्र तिनं मराठीत सांगितलं. मी काही बोलले नाही. पुढचं सांग म्हटलं, आणि फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले.